पुढे कोण, मागे कोण? दोघं मित्र, दोन गाड्या आणि दर वेळी नवा घोळ

मधला_स्टँड

नमस्कार मंडळी. आधी प्रश्न, मग रडगाणं. दोघंच जण दोन बाइक घेऊन लांब निघाले, तर पुढे कोणी राहायचं आणि मागच्याने नेमकं काय करायचं? मोठ्या ग्रुपचे नियम सगळीकडे वाचायला मिळतात: सगळ्यात पुढे एक जाणता, सगळ्यात मागे दुसरा जाणता, मध्ये बाकीचे. आमच्यात बाकीचे नाहीत आणि जाणता कोण यावर एकमत नाही.

दुसरा भिडू माझा शाळेपासूनचा मित्र. इथे त्याला पक्या म्हणू. माझी गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, हलकी. आवाज भरपूर, पळ बेताची. पक्याने अलीकडे माझ्या गाडीच्या दुप्पट ताकदीची आणि बरीच जड गाडी घेतली. सरळ रस्ता लागला की तो दिसेनासा होतो. वळणं लागली की तोच माझ्या पुढ्यात येऊन अडकतो, कारण वळणाआधी ब्रेक, वळणात शिरल्यावर पुन्हा ब्रेक, आणि बाहेर पडताना गिअर कुठला होता याचा शोध. मी मागे असलो की प्रत्येक वळणात त्याची नंबरप्लेट नको तितकी स्पष्ट वाचता येते.

म्हणून मी पुढे राहायला लागलो. त्याचं फळ ऐका.

उतारावरचं उजवं वळण. सुरुवातीला सोपं, आत शिरल्यावर आवळत जाणारं. मी कललो आणि डाव्या आरशात बघितलं. मागची गाडी कलली की हेडलाइट आणि त्याच्या दोन बाजूंचे इंडिकेटर तिरप्या रेषेत दिसतात. पक्याचे तिरपे झालेच नाहीत. अगदी समपातळीत राहिले आणि तसेच हळूहळू बाहेर सरकत आरशातून निघून गेले. मी गाडी लावून चालत मागे आलो, तर हा रस्त्याकडेच्या खडीत, गाडीवर बसलेला, इंजिन बंद, दोन्ही ब्रेक घट्ट दाबलेले. "पडलो नाही बघ," म्हणाला, आणि डावा पाय टेकवायला गेला तर खाली खड्डा. मग पडला. इतका सावकाश, की मला धावत जाऊन धरता आलं असतं, पण मी हसत होतो. क्लच लिव्हरचं गोल टोक मोडलं, बाकी दोघांनाही काही नाही. आणि वर म्हणतो काय, "मी तर तुझ्याच मागे येत होतो!"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. माझ्या मागे येत होता म्हणजे काय? मी कुठे गेलो ते दिसत होतं ना त्याला?

बाकी किरकोळ. एकदा फाट्यावर चुकामूक झाली. मी एका रस्त्यावर थांबलेलो, तो दुसऱ्या, मोबाइलला रेंज दोघांनाही नाही. शेवटी दोघंही एकाच वेळी परत फिरलो आणि समोरासमोर आलो, तेव्हा दोघांनीही आधी शिव्या दिल्या आणि मग हेल्मेटची काच वर केली. एकदा मऊ मातीत त्याच्या गाडीचा साइड स्टँड रुतला आणि त्याची गाडी माझ्या गाडीवर रेलून झोपली. एकदा माझं पेट्रोल संपलं. आता हे माझ्या खात्यावर टाकू नका. मध्ये गाडी पक्याने वापरायला नेली होती, परत दिली ती नॉब रिझर्व्हवर ठेवून. गाडीने आचके दिले, मी सवयीने हात खाली नेला, तर नॉब आधीच तिकडे फिरलेला. त्याच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन, म्हणजे नळी ओढून पेट्रोल काढायची सोय नाही. मग साहेबांनी माझ्या सायलेन्सरला पाय लावून ढकलत न्यायचं ठरवलं. सायलेन्सर अजून तापलेला होता. चढ संपेपर्यंत मला रबर जळल्याचा वास येत होता आणि मी समजत होतो, क्लच गेला. क्लच शाबूत होता, पक्याच्या बुटाचा तळवा गेला होता.

तर मुद्द्याचं सांगा. सरळ रस्त्यावर वेगवान आणि वळणात चाचरणारा असा जोडीदार असेल तर त्याला पुढे ठेवू की मागे? "एकट्याने जा" असा सल्ला देऊ नका. एकट्याने जाऊन बघितलंय, कंटाळा येतो.

सेकंद_गिअर

कच्चा असेल तो पुढे. कायम. यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

कारण सरळ आहे. पुढचा वेग ठरवतो. कच्चा माणूस पुढे असला की वेग त्याच्या ताकदीचा राहतो. तो मागे असला की पुढच्याला गाठायच्या नादात आपल्या कुवतीबाहेर जातो, आणि ते त्याला स्वतःला कळतही नाही. तुमचा मित्र खडीत गेला तो यामुळेच.

तुम्ही मागे असताना नंबरप्लेट वाचता येते म्हणताय, म्हणजे तुम्ही फार जवळून चालवताय. निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे तेहेतीस-चौतीस मीटर मागे राहायला हवं. रस्त्यावरचा एखादा खांब धरा, पुढची गाडी त्याच्यापाशी पोचली की मोजायला लागा. वेग वाढला की नुसतं थोडं अंतर वाढवून भागत नाही. ४० चा वेग ८० झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

नजर_पुढे

सेकंद_गिअर यांच्याशी अर्धाच सहमत. अंतराचं सगळं बरोबर. पण कच्च्याला पुढे घातलं की दुसरा घोळ होतो. त्याला सतत वाटत राहतं की मागचा खोळंबलाय. मग तो रस्त्यापेक्षा आरशात जास्त बघतो आणि वळणात गेल्यावर दचकून ब्रेक मारतो. वर वर्णन केलेलं "वळणात शिरल्यावर पुन्हा ब्रेक" मला तसलंच वाटतंय.

आता त्या वाक्याबद्दल. "मी तर तुझ्याच मागे येत होतो" हे त्याने अगदी खरं सांगितलंय. तो रस्ता बघतच नव्हता, तो तुमचा टेललाइट बघत होता. टेललाइट बघत चालवणाऱ्याला वळण किती आवळतंय, कुठे संपतंय, हे काहीच दिसत नसतं. त्याला एवढंच कळतं की लाल दिवा अजून पुढे आहे, म्हणजे अजून गॅस दिला तरी चालेल. मग तो दिवा अचानक उजवीकडे गायब होतो, डोळ्यांसमोर खडी येते, आणि नजर खडीला चिकटते. बाइक नजरेच्या मागे जाते. दगडाकडे टक लावली की दगडच गाठणार. यातून सुटायचं तर मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही.

१९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाचा अहवाल आला होता. त्यांनी ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. ज्यात दुसरं वाहन नव्हतंच, अशा अपघातांत साधारण दोन तृतीयांश वेळा मूळ चूक चालवणाऱ्याची निघाली, आणि ती ठरावीक: ब्रेक जास्त दाबून घसरला, किंवा वळणात वेग जास्त होता, नाहीतर गाडी पुरेशी कलवली नाही म्हणून बाहेर गेला. पक्या तिथे पडला नाही हे त्याचं नशीब. जागेवर उभा राहून पडला ते सोडून द्या.

कलवण्यावरून विचारतो, त्याला गाडी कलवायची कशी हे माहीत आहे का? जड गाडी अंग झुकवून वळत नाही. उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी बाजू हलकेच पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, पण चालत्या गाडीवर आपण सगळे नकळत हेच करतो. राइट बंधू विमानाआधी सायकलींच्या धंद्यात होते. त्यातल्या विल्बरने लिहून ठेवलंय, की डावीकडे वळताना काय करता असं त्याने कितीतरी सायकलवाल्यांना विचारलं, पण पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर एकालाही देता आलं नाही. डावीकडे वळायला हँडल आधी किंचित उजवीकडे जातं, हे खोदून विचारल्यावर काहींनी मान्य केलं. हलक्या गाडीवर हे कळलं नाही तरी निभावतं. हलक्या गाडीवरून जड गाडीवर आलेला माणूस मात्र नेमका इथे अडतो. मोकळ्या, रिकाम्या जागेत चाळीसच्या आसपासच्या वेगात जाणीवपूर्वक ढकलून बघू दे त्याला.

तर माझं उत्तर: पुढे तुम्हीच राहा, पण वेग त्याचा ठेवा. वळणाआधी आरशात बघा, तो दिसत नसेल तर हळू व्हा. आणि त्याला एकदा स्पष्ट सांगा, की मी दिसेनासा झालो तरी मागे धावायचं नाही, पुढच्या प्रत्येक फाट्यावर मी थांबलेला असेन. हा शब्द पाळलात तर त्याची धावाधाव आपोआप थांबेल.

मधला_स्टँड

आरशात बघा म्हणणं सोपं आहे हो. माझ्या आरशात निम्मं माझं कोपर दिसतं आणि उरलेल्या निम्म्यात इंजिनच्या थरथरीमुळे एकाचे तीन पक्या दिसतात. एक सांभाळता सांभाळता पुरेवाट.

फाट्यावर थांबायचं पटलं. पण प्रत्येक फाट्यावर?

नजर_पुढे

जिथे रस्ता बदलतो तिथे प्रत्येक. सरळच जायचं असेल तर थांबायची गरज नाही. हे निघायच्या आधी ठरवा: जोवर मी वळणावर उभा दिसत नाही तोवर सरळ. म्हणजे रेंज असो नसो. आणि आरशाचे दांडे बाहेर फिरतात, कोपर सुटेपर्यंत फिरवा.

टांग_टाकली

दोघांनी एकाच गाडीवर जा. पुढे कोण, मागे कोण हा वाद घरूनच मिटवून निघा. :)

मागची_सीट

वरचं गमतीत लिहिलंय, पण मी तेच गंभीरपणे सुचवणार होते.

मी स्वतः चालवत नाही. माझ्या मैत्रिणीच्या मागे बसते, आणि तिच्या मागे बसून तिच्या चालवण्याबद्दल मला जे कळलंय ते तिच्या बाजूने दुसरी गाडी चालवणाऱ्याला कधीच कळणार नाही. वळणात तिचं हेल्मेट आधी वळतं की गाडी आधी वळते, हे मला रोज दिसतं. ती खांदे कधी आवळते, श्वास कधी धरते, गिअर पाडायला उशीर कधी करते, सगळं. लांबून फक्त ब्रेकलाइट दिसतो. तुम्ही इतके दिवस ब्रेकलाइटवरून निदान करताय.

एकदा पक्याच्या मागे बसून या. घाटात नको! रोजच्या, ओळखीच्या, रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात. बसायच्या आधी मागच्या टायरची हवा दोघांच्या वजनाला किती हवी ते बघून भरा, चेनच्या कव्हरवर किंवा चाकाजवळच्या दांड्यावर स्टिकर असतो. त्याला आधीच सांगा, की मागे माणूस बसला की पुढचं चाक हलकं लागतं, मागच्या ब्रेकला एरवीपेक्षा जास्त पकड मिळते आणि थांबायला वेळ लागतो. रात्री जाणार असाल तर हेडलाइटही वर उचलला जातो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि तुम्ही वळणात उलट्या बाजूला रेलू नका. त्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे बघा, पुरे.

आमची फजिती पण सांगून टाकते, धागा तसलाच आहे. सीटवर बॅग बांधायला बंजी कॉर्ड लावली होती. उचकटलेला हुक लोंबकळत होता, मला पाठीमागे दिसणार कसा? तो चेनमध्ये गेला. आधी टक टक असा आवाज, मग मागचं चाक जाम, आणि गाडी आडवी-तिडवी घासत गेली. मैत्रिणीने हँडल सरळ धरून ठेवलं म्हणून उभ्या राहिलो. दोरीचा पिळा मागच्या स्प्रॉकेटभोवती इतका घट्ट बसला होता की कापूनच काढावा लागला. तेव्हापासून आमची बॅग पट्ट्यांनी बांधली जाते आणि पट्ट्यांची उरलेली टोकं आत खोचलेली असतात. ती खोचायचं काम माझं.

पाना_दहाबारा

वाचत होतो, गप्प बसणार होतो, पण सायलेन्सरला पाय लावून ढकलण्याचा उल्लेख झाला म्हणून लिहितोय.

हे बंद करा. बुटाचा तळवा गेला ही त्यातली स्वस्तातली गोष्ट. ढकलणारा एक पाय बाहेर काढून, एका कुशीवर तोल धरून जड गाडी चालवत असतो. त्याच्या उजव्या पायाचा ब्रेक गेला किंवा डाव्या पायाचा गिअर गेला, कुठला पाय लावलाय त्यावर. पुढच्याने ब्रेक मारला तर मागच्याचा पाय दोन गाड्यांच्या मध्ये. उतार लागला की दोघांचे वेग वेगळे, मग गुडघा कुठे जातो ते विचारू नका. एकाने जाऊन पेट्रोल आणावं, दुसऱ्याने गाडीजवळ सावलीत बसावं.

रिझर्व्हचं समजून घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत नॉबच्या वर, टाकीच्या आत, दोन तोंडं असतात, एक उंच नळीचं आणि एक तळाशी. ऑनवर असताना पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्या खाली गेली की गाडी आचके देते, मग नॉब फिरवला की तळातलं मिळतं. म्हणजे रिझर्व्ह ही काही वेगळी टाकी नाही. नॉब कायम रिझर्व्हवर ठेवला तर आचके येतात ते थेट शेवटचे. दुसऱ्याकडून गाडी परत आली की आधी नॉब बघा, मग बाकीचं. इंजेक्शनच्या गाडीला नॉब नसतो, फक्त दिवा. तो दिवा लागल्यावर "अजून जाईल" करत टाकी कोरडी करू नका, आतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो.

लिव्हरचं टोक मोडलं ते ठीक आहे, टोक मोडण्यासाठीच असतं, पूर्ण लिव्हर वाचते. पण नवीन बसवाल तेव्हा हँडलवरचा क्लॅम्प करकचून आवळू नका. हाताने जोर लावला तर फिरेल इतपतच ठेवा. गाडी पडली की लिव्हर फिरते, मोडत नाही.

आणि पडल्यावर क्लच वायर बघितली का? लिव्हरमध्ये अडकते ती टोकाची धातूची गोळी, तिच्या अगदी जवळ एकेक तार सुटत जाते. लिव्हर खरखरीत लागते, सैलपणा परत परत येतो, आणि मग एक दिवस लिव्हर हातात येते. नवी वायर जुनीच्या बाजूने बांधून ठेवा, रस्त्यात फक्त टोकं बदलायची. तीही नसेल तर गाडी क्लचशिवाय घरी येते. न्यूट्रलमध्ये चालू करा, पाय मारत मारत गाडीला गती द्या, चालता चालता पहिला गिअर टाका. पुढचे गिअर टाकताना ॲक्सिलरेटर क्षणभर पूर्ण सोडायचा आणि त्याच क्षणी गिअर टाकायचा. थांबायच्या आधी न्यूट्रल सापडलं पाहिजे, नाहीतर थांबाल तिथे इंजिन बंद. गर्दीत हे करू नका.

साइड स्टँड मऊ जमिनीत रुततोच. खाली चपटा दगड ठेवा. उतारावर तोंड वरच्या बाजूला करून पहिल्या गिअरमध्ये लावा. तोंड उताराकडे आणि गाडी न्यूट्रलमध्ये असली की ती पुढे सरकते, स्टँड मिटतो, आणि शेजारच्याची गाडी जाते. दोन गाड्या लावताना मध्ये एक गाडी मावेल इतकी जागा सोडा.

मधला_स्टँड

मंडळी, जाऊन आलो. पक्याच्या मागे बसून.

मागची_सीट, तुमचं ऐकलं ते बरं झालं. हवा भरली, ओळखीचा रस्ता घेतला, पहाटे निघालो. पहिली काही वळणं मी फक्त हेल्मेट बघत होतो. हेल्मेट वळत नव्हतं. खाली झुकलेलं, पुढच्या चाकाच्या पुढ्यातल्या डांबरावर खिळलेलं. खड्डे शोधत होता म्हणे. नजर_पुढे यांचं निदान बरोबर, फक्त मी पुढे नसताना तो टेललाइटऐवजी डांबर बघतो.

पण खरी गोष्ट हेल्मेटच्या खाली, उजव्या बाजूला निघाली. प्रत्येक वळणाआधी त्याचा उजवा गुडघा वर यायचा. आधी वाटलं, सवय असेल. मग वाकून बघितलं. मागच्या ब्रेकचं पेडल त्याच्या बुटाच्या टोकापेक्षा बोटभर उंच. म्हणजे टाच फूटरेस्टवर टेकवून नुसता पंजा दाबायची सोयच नाही. आधी सगळा पाय उचलायचा, मग वरून ठेवायचा. तसा ठेवलेला पाय हलका कसा पडणार? अख्ख्या पायाचं वजन एकदम पडतं, गाडीला हिसका बसतो, हा दचकतो, आणि तेवढ्यात वळण निम्मं झालेलं असतं. गाडी घेतल्यापासून असंच चालवतोय. मी विचारलं, "पेडल खाली का नाही केलंस?" तर म्हणे, "खाली होतं?"

होतं. पेडलच्या मुळाशी एक बोल्ट आणि त्याच्यावर लॉकनट. नट सैल केला, बोल्ट फिरवला, पेडल पंजाच्या किंचित खाली आणलं, नट आवळला. परतीच्या वाटेवर तोच रस्ता, तीच वळणं. नजर अजून डांबरावर जाते, मी मागून "वर बघ" म्हणालो की वर येते. पण हिसके गेले. वळणात शिरल्यावरचा दुसरा ब्रेक जवळपास बंद झाला. मी मागे बसून चक्क इकडेतिकडे बघत आलो.

त्यामुळे पुढे कोण हा प्रश्न तूर्त तसाच लोंबकळत ठेवतोय. पक्याला धाग्याची लिंक पाठवली आहे.

पक्या_तोच_तो

मीच तो. नाव बदलल्याबद्दल आभार, शाळेतल्या सगळ्यांनी तरीही ओळखलंय.

काही दुरुस्त्या. फाट्यावर चुकामूक झाली त्याचं कारण या गृहस्थांनी लिहिलेलं नाही. त्यांच्या गाडीचा डावा इंडिकेटर कितीतरी किलोमीटर चालू होता. बाइकचा इंडिकेटर कारसारखा आपोआप बंद होत नाही हे जगाला माहीत आहे. मी प्रत्येक डाव्या रस्त्याला वळायची तयारी करत होतो, आणि शेवटी तो फाटा आला तेव्हा माझ्यात आणि त्याच्यात एक ट्रक होता. ट्रक सरळ गेला, हा दिसला नाही, मी इंडिकेटरवर विश्वास ठेवून डावीकडे वळलो. हा सरळ गेला होता.

दुसरं, नॉब. मला गाडी मिळाली तेव्हाच नॉब रिझर्व्हवर होता. मी कसा फिरवणार? मला तर तो नॉब कशाचा आहे हेच वर वाचून कळलं.

तिसरं, मागे बसून हा "वर बघ" म्हणाला नाही, ओरडला. दर वेळी. हेल्मेटवर टपली मारून.

पेडलबद्दल मात्र हा म्हणतो ते खरं. उजव्या मांडीत गोळा यायचा, मला वाटायचं जड गाडीने सगळ्यांना येतो.

सेकंद_गिअर

इंडिकेटर चालू ठेवून पुढे चालणाऱ्या माणसाला पुढे ठेवायचं की मागे, असा नवा धागा काढा.

मधला_स्टँड

इंडिकेटरचं मला मान्य नाही. माझ्या गाडीत इंडिकेटर चालू असला की बझर वाजतो.

पक्या_तोच_तो

तुझ्या गाडीच्या आवाजात तुला बझर ऐकू येतो?

पाना_दहाबारा

भांडण नंतर. मधला_स्टँड, पेडल खाली केलंत ते चांगलं केलंत, पण मागचा ब्रेकलाइट तपासलात का? पेडलला एक स्प्रिंग असते, ती वरच्या स्विचला ओढते आणि दिवा लागतो. पेडल मुळातच खाली आणलं की स्प्रिंग आधीपासूनच ताणलेली राहते. मग दिवा कायम लागलेला राहतो आणि मागून येणाऱ्याला हा कधी ब्रेक मारतोय ते कळणारच नाही. पेडलमध्ये थोडा मोकळा खेळ शिल्लक आहे ना, तेही बघा. तो नसेल तर ब्रेक घासत राहील आणि तापेल.

किल्ली ऑन करा, इंजिन बंद ठेवा, एकाने मागे उभं राहा, दुसऱ्याने पेडल हाताने हळू दाबा. मोकळा खेळ संपून ब्रेक धरायला लागायच्या जरा आधी दिवा लागला पाहिजे. नसेल तर स्विचभोवतीचा प्लॅस्टिकचा नट फिरवा. स्विच एका हाताने धरून ठेवा, तो फिरू देऊ नका, फिरला तर वायर पिळून तुटते.

पक्या_तोच_तो

आत्ता खाली जाऊन बघून आलो. पेडलला हात लावायच्या आधीच दिवा लागलेला आहे.

मधला_स्टँड

येतोय. नट फिरवू नकोस, मी आल्यावर बघू. आणि किल्ली ऑनवर ठेवून वर आला असशील तर आधी बंद करून ये, बॅटरी उतरेल.

पक्या_तोच_तो

परत खाली चाललोय.